बँडसॉचा कट सारखा वाकडा जातोय? पाना उचलण्याआधी हे तपासा

बँडसॉ म्हणजे दोन चाकांवर ताणलेल्या, पट्टीसारख्या पात्याने लाकूड कापणारं मशीन. त्याची तक्रार नेहमी एकाच साच्याची असते. नवं पातं लावलं, काही दिवस कट रेषेवरून गेला, मग हळूहळू एका बाजूला ओढायला लागला. फेन्स (लाकूड टेकवून ढकलायची टेबलावरची सरळ पट्टी) हलवून पाहिली, गाइड (पात्याला आधार देणारे ठोकळे) आवळले, ताण वाढवला. थोडं सुधारल्यासारखं वाटलं. पण थोड्याच दिवसांत पुन्हा तेच, आणि या वेळी पातंही तुटलं. मग निष्कर्ष निघतो की मशीनच बेकार आहे.

मशीन क्वचितच बेकार असतं. ज्या बँडसॉवर कट वारंवार बिघडतो तिथे बहुतेक वेळा दोष पात्यात असतो आणि दुरुस्ती मात्र बाकी सगळ्याची चाललेली असते. ताणाचा नॉब हाताशी असतो, म्हणून पहिल्यांदा तोच फिरवला जातो. माझ्या मते त्याला सगळ्यात शेवटी हात लावावा. का ते पुढे येईलच.

कापलेला तुकडा काय सांगतो

काहीही सैल करण्याआधी नुकताच कापलेला तुकडा उजेडात घ्या आणि त्याच्या कापलेल्या बाजूवर लोखंडी पट्टी आडवी-उभी फिरवून बघा. गुण्याही लावा. वाकड्या कटाचे चार प्रकार आहेत आणि प्रत्येकाचं मूळ वेगळं आहे.

पृष्ठभाग सपाट आहे, गुण्यात आहे, पण लाकूड फेन्सला चिकटवून ढकललं तरी कट सतत एकाच बाजूला सरकतो. हा ड्रिफ्ट. पातं एका अंगाने जास्त कापतंय, ट्रॅकिंग (चाकांवर पातं जिथे स्थिर फिरतं ती जागा) हललंय किंवा फेन्सच तिरकी आहे.

वरच्या आणि खालच्या कडेला कट रेषेवर आहे, पण मधोमध पोट आलंय. एका फळीला फुगवटा आणि दुसरीला तेवढाच खोलगटपणा. इथे पातं लाकडाच्या आत वाकलंय. बोथट दाते, चुकीचे दाते, जोरात ढकलणं, वर राहिलेला गाइड आणि कमी ताण, याच क्रमाने शोधा.

पृष्ठभाग सपाट आहे पण वरून खाली कलता आहे. टेबल पात्याशी काटकोनात नाही. हे सगळ्यात सोपं दुखणं.

दिशा बरोबर आहे पण कापलेल्या बाजूवर ठरावीक अंतराने लाटा उठल्यात. पात्याचा जोड, तुटलेला दाता किंवा चाकाचा टायर (चाकाच्या कडेवर चढवलेला रबरी पट्टा) बघा.

एक पाचवी शक्यताही आहे, जिचा मशीनशी काही संबंध नाही. अर्धवट वाळलेलं किंवा आतून ताणलेलं लाकूड कापता कापताच उघडतं किंवा मिटतं आणि पात्याला आवळून धरतं. म्हणून कोणतीही चाचणी गाठी नसलेल्या, सरळ रेषांच्या, नीट वाळलेल्या लाकडावरच करा. नाहीतर लाकडाचा दोष मशीनवर काढत बसाल.

तपासणीपूर्वी

स्विच बंद करणं पुरेसं नाही, प्लग काढा. तो डोळ्यांसमोर राहील असा ठेवा, म्हणजे दुसरं कोणी चुकून लावणार नाही. बँडसॉची चाकं जड असतात आणि बऱ्याच मशीनना ब्रेक नसतो, त्यामुळे मोटर बंद झाल्यावरही ती बराच वेळ फिरत राहतात. त्या वेळी आवाज जवळजवळ नसतो आणि वेगात फिरणाऱ्या पात्याचे दाते डोळ्याला दिसतच नाहीत; एक गुळगुळीत स्थिर पट्टी उभी असल्यासारखं वाटतं. वरच्या चाकाकडे नजर टाका, ते पूर्ण थांबलं की मगच दार उघडा.

हातमोजे पातं काढताना, घालताना, गुंडाळताना घालायचे. मशीन सुरू करण्यापूर्वी ते उतरवायचे, कारण मोज्याचा धागा दात्यात अडकला तर मागोमाग बोटंही जातात. चष्मा मात्र दोन्ही वेळेस हवा.

पातं: इथेच बराच वेळ द्या

पातं बोथट झालंय का हे बोट लावून कळत नाही, आणि लावूही नये. टेबलावरचा दिवा जवळ घ्या आणि पातं हाताने सावकाश फिरवत दात्यांच्या टोकांकडे बघा. धारदार टोकावर उजेड थांबत नाही, कारण तिथे परावर्तन व्हायला पृष्ठभागच नसतो. बोथट टोकावर बारीक पांढरा ठिपका चमकतो. एका बाजूला वाकवलेल्या दात्यांवर ठिपके आहेत आणि दुसऱ्या बाजूच्या दात्यांवर नाहीत, असं दिसलं तर ड्रिफ्टचं कारण सापडलं. पातं ज्या अंगाने धारदार आहे त्या अंगाला ओढतं. एका बाजूने खिळा लागला असेल, गाइडचा ठोकळा दात्यांना घासला असेल किंवा एकाच दिशेचे गोल काप सतत मारले असतील, तर असं होतं.

कान आणि नाकही वापरा. चांगलं पातं दाणेदार भुसा टाकतं. भुसा पिठासारखा यायला लागला, लाकूड करपल्याचा वास आला, ढकलायला जोर लागायला लागला, की पात्याचे दिवस भरले. अर्थात, त्याआधी एकदा ते साफ करून बघा. चिकट लाकडाचा डिंक दात्यांच्या बाजूंवर काळपट थर धरतो आणि अगदी धारदार पातंही बोथट असल्यासारखं वागतं. पातं उतरवा, डिंक विरघळवणाऱ्या क्लीनरमध्ये थोडा वेळ ठेवा, जुन्या टूथब्रशने घासा, कोरडं करून तेलाचा हलका हात फिरवा. यानंतर कट सुधारला तर नवं पातं घ्यायची घाई नाही. सागवानासारख्या लाकडात सिलिका असते, त्यावर पातं किती लवकर बोथट होतं हे ते कापणाऱ्याला सांगायला नको.

आता दाते किती, हा प्रश्न. कटाला पोट येण्याच्या तक्रारींत मला हेच कारण सगळ्यात जास्त दिसतं. ढोबळ नियम असा की कापताना एका वेळी किमान ३ दाते लाकडात असावेत, आणि साधारण १२ च्या फार पुढे जाऊ नये. जाड लाकडाच्या फळ्या चिरताना ती वरची मर्यादा ओलांडली जातेच, पण किती ओलांडायची याला हद्द आहे. ६ इंच उंचीचं लाकूड चिरायला इंचाला ६ दात्यांचं पातं लावलं, तर एका वेळी ३६ दाते लाकडात असतात. दोन दात्यांमधला खळगा लहान, तो वरच्या दोन इंचांतच भुशाने भरतो. पुढचे चार इंच दाते कापत नाहीत, नुसते घासतात. आपण अजून जोर लावतो, पातं मागे दाबलं जातं, पिळतं आणि मिळेल त्या बाजूला पळतं. हेच काम इंचाला ३ दात्यांच्या पात्याने केलं तर १८ दाते आणि मोठे खळगे. भुसा बाहेर पडतो, जोर निम्म्यावर येतो आणि पोट आपोआप जातं. उलट, ६ मिमी जाडीच्या प्लायला तेच ३ दात्यांचं पातं लावलं तर लाकडात एक दाताही पुरता नसतो. तो तुकडा हिसका खाऊन उडतो. तिथे इंचाला १४ दाते ठीक.

रुंदीचंही तसंच. रुंद पातं सरळ जातं, पण वळत नाही. पाव इंची पातं साधारण १६ मिमी त्रिज्येपर्यंत वळतं, ३ सुती म्हणजे १० मिमी पातं ३६ मिमीपर्यंत आणि अर्धा इंची सुमारे ६४ मिमीपर्यंत. त्याहून तंग वळण जबरदस्तीने घेतलं की पातं गाइडमध्ये पिळतं, सेट (दात्यांना दोन्ही बाजूंना दिलेला बाक) बिघडतो आणि पुढचा सरळ कटही वाकडा जातो. अर्धा इंची पात्याने गोल काप मारायचे आणि मग सरळ कट बिघडला म्हणून गाइडला दोष द्यायचा, हे फार ठिकाणी चालतं. वळणाच्या कामाला वेगळं पातं ठेवा. वळण तंग असेल तर टाकाऊ बाजूने आधी आडवे काप मारून ठेवा, म्हणजे तुकडे सुटत जातील आणि पात्याला जागा मिळेल.

आणि हो, लाकूड कापायच्या बँडसॉवर लोखंड कापू नका. लाकडाला पातं मिनिटाला ९०० मीटरच्या आसपास धावतं. साध्या पोलादाला त्याच्या दहाव्या भागाहूनही कमी वेग लागतो. लाकडाच्या वेगात पोलाद लावलं तर दाते काही सेकंदांत जळतात.

टेबल आणि काटकोन

कलता कट असेल तर गुण्या पात्याला टेकवून बघता येतं, पण त्यात एक फसगत आहे: गुण्याची कड दात्यांच्या सेटवर टेकते आणि माप चुकतं. त्यापेक्षा चांगली युक्ती आहे. जाडसर चौकोनी ठोकळा टेबलावर ठेवून त्यात बोटभर खोल काप मारा. मशीन बंद करा, पातं थांबू द्या. आता ठोकळा डोक्यावर उलटा करा, म्हणजे वरची बाजू टेबलावर आणि तळ वर, आणि तोच काप पात्याच्या मागच्या कडेवर सरकवून बघा. पातं कापात अलगद शिरलं तर टेबल काटकोनात आहे. वर किंवा खाली अडलं तर जेवढं अडतंय त्याच्या निम्म्याइतकं टेबल कलतं आहे. ते ठीक करून टेबलाखालचा अडथळा-बोल्ट तिथेच घट्ट करा. यापलीकडे या दुखण्यात काही नाही.

गाइड बसवण्याचा क्रम

पातं चांगलं आहे हे नक्की झाल्यावरच गाइडकडे वळा. बहुतेक लोक गाइड आवळून पात्याला सरळ करायला बघतात. गाइडचं काम ते नाही. पातं गाइडशिवाय चाकांवर आपोआप स्थिर फिरलं पाहिजे. कापताना ते ढळू लागलं तर फक्त तिथे आधार मिळावा, एवढ्यासाठी गाइड आहेत.

म्हणून आधी वरचे-खालचे सगळे गाइड आणि मागचं बेअरिंग पात्यापासून लांब सारा. पातं चाकांवर चढवा, थोडा ताण द्या, वरचं चाक हाताने फिरवत कलाचा स्क्रू थोडा थोडा हलवा. टायर मध्यभागी किंचित फुगीर असेल तर पातं त्या फुगवट्यावर स्थिरावतं. ते पुढे-मागे न सरकता पाच-सहा फेऱ्या फिरलं की पुरता ताण द्या आणि पुन्हा फिरवून बघा, कारण ताणाने ट्रॅकिंग हलतं. दारं बंद करून मशीन क्षणभर चालवा. सगळं ठीक वाटलं की प्लग पुन्हा काढा आणि मग गाइडला हात घाला.

मागचं बेअरिंग पात्यापासून साधारण अर्धा मिमी मागे असावं. रिकामं चालताना ते फिरता कामा नये, लाकूड लागलं की फिरावं. ते सतत टेकलेलं असेल तर पात्याची मागची कड घासून कडक होते आणि तिथून बारीक तडे जातात. पातं तुटण्याचं हे एक फार दुर्लक्षित कारण आहे. बाजूचे गाइड पात्याच्या दोन्ही अंगांना कागदाच्या जाडीइतक्या फटीवर. साधा कागद दुमडून पात्याभोवती धरा, गाइड दोन्हीकडून टेकवा, आवळा, कागद ओढून काढा. गाइडची पुढची कड दात्यांच्या खळग्यांच्या किंचित मागे हवी, आणि कापताना पातं मागे सरकून बेअरिंगला टेकलं तरीही ती मागेच राहिली पाहिजे. इथे एक मिमीची चूक झाली की धातूचे ठोकळे एका बाजूचा सेट खाऊन टाकतात. काल लावलेलं नवं पातं आज ओढायला लागलं असेल तर पहिला संशय इथेच घ्या.

खालच्या गाइडचंही हेच सगळं करा. टेबलाखाली वाकावं लागतं म्हणून तो अनेकदा तसाच राहतो, आणि भुशात माखून पडलेला असतो.

वरचा गाइड लाकडाच्या वर साधारण दोन सूत, म्हणजे ६ मिमी ठेवा. वर-खालच्या गाइडमधलं पात्याचं मोकळं अंतर जितकं जास्त तितकं ते लवचिक, आणि तितका उघडा दात्यांचा भाग बोटांजवळ. एकाच हालचालीने कट सुधारतो आणि हातही वाचतो, तरी हे आळसाने टाळलं जातं. प्रत्येक जाडीला गाइड पुन्हा लावा. आणि गाइडचा खांब वर-खाली करताना पात्याशी समांतर सरकतो का, हे एकदा बघून ठेवा. काही मशीनवर खालच्या जागी लावलेली फट वर नेल्यावर बदलते. तिथे उंची बदलली की फटही बघावी लागते.

ड्रिफ्ट मोजा, मगच फेन्स हलवा

हातभर लांबीची सरळ कडेची फळी घ्या. खतावणीने (समांतर रेषा आखायच्या सुतारी हत्याराने) कडेला समांतर रेषा ओढा. फेन्स काढून टाका आणि नुसत्या हाताने रेषेवर कापत जा. रेषेवर राहण्यासाठी फळी जरा तिरकी धरावी लागेल. मध्यावर आलात की ढकलणं थांबवा, फळी जागच्या जागी घट्ट धरा, मशीन बंद करा. पातं थांबेपर्यंत हात तसेच ठेवा. आता फळीच्या कडेने टेबलावर पेन्सिलची रेघ मारा. ती तुमच्या पात्याची खरी दिशा.

रेघ टेबलाच्या खाचेशी एखाद्या अंशाने तिरकी असेल तर फेन्स तेवढी फिरवा, काम चालेल. त्याआधी वरच्या चाकाचा कल किंचित बदलून पातं टायरच्या फुगवट्यावर थोडं पुढे-मागे घेऊन बघितलं तर बऱ्याचदा तो फरकही जातो. पण रेघ डोळ्याला खुपण्याइतकी तिरकी असेल तर फेन्स फिरवणं म्हणजे ताप मोजायचा सोडून थर्मामीटर वाकवण्यासारखं आहे. पातं बदला. नव्या पात्याने हीच चाचणी करा. ड्रिफ्ट गेला तर जुनं पातं दोषी, तसाच राहिला तर चाकं बघा.

ताण: शेवटी, आणि मोजून

मशीनवरचा ताणाचा काटा पात्याचा ताण दाखवत नाही, तो फक्त आतली स्प्रिंग किती दबली आहे ते दाखवतो. स्प्रिंग जुनी होते, दमते, आणि काटा आपला जुन्याच जागी. त्यामुळे 'अर्धा इंचाच्या खुणेवर आणलं' याला फारसा अर्थ नाही.

मोजायची एक सोपी पद्धत आहे. साध्या कार्बन स्टीलच्या पात्याला साधारण १०० ते १४० मेगापास्कल ताण चालतो. १०० मेगापास्कलला पोलाद दर मीटरला अर्धा मिमी लांबतं, म्हणजे २०० मिमीला ०.१ मिमी. प्लग काढलेला असताना, पातं जेमतेम सरळ होईल इतक्याच ताणावर, व्हर्नियर कॅलिपर २०० मिमीवर उघडा आणि त्याचे दोन्ही जबडे लहान क्लँपने पात्यावर धरा. सरकत्या जबड्याचा स्क्रू सैल ठेवा, म्हणजे तो पात्याबरोबर सरकेल. मग नॉब फिरवत जा. वाचन २००.१ झालं की १०० मेगापास्कल झाला. नॉबचे किती फेरे लागले ते लिहून ठेवा, पुढच्या वेळी त्या जातीच्या पात्याला क्लँपची गरज नाही. कॅलिपर आणि क्लँप काढून मगच चाक फिरवायचं, हे वेगळं सांगायला नको.

हा आकडा फ्रेमसाठीही महत्त्वाचा आहे. पाऊण इंची, ०.८ मिमी जाडीच्या पात्याला १०० मेगापास्कल द्यायचा तर दोन्ही बाजूंच्या पट्ट्या मिळून वरच्या चाकावर सुमारे ३०० किलो वजनाइतकी ओढ येते. अर्धा इंची, ०.६३ मिमी पात्याला हीच ओढ १६५ किलोच्या आसपास. लहान मशीनच्या माहितीपत्रकात 'पाऊण इंचापर्यंत पातं चालतं' असं लिहिलेलं असतं. चाकांवर बसतं या अर्थाने चालतं. पुरेसं ताणलं जाईलच असं नाही. ३५० मिमी चाकांच्या साध्या मशीनवर जाड लाकूड चिरायला मी अर्धा इंची, ३ दात्यांचं, धारदार पातं लावीन. अर्धवट ताणलेल्या पाऊण इंचीपेक्षा ते सरळ जातं.

पाती लवकर का तुटतात

३५० मिमी चाकांच्या मशीनवर पात्याची लांबी सुमारे २.४ मीटर आणि वेग मिनिटाला ९०० मीटर धरा. पात्याचा प्रत्येक बिंदू मिनिटाला ३७५ फेऱ्या मारतो आणि प्रत्येक फेरीत दोन चाकांवर वाकून पुन्हा सरळ होतो. म्हणजे तासाला ४५,००० वेळा वाकणं. ०.६३ मिमी पात्यात या नुसत्या वाकण्यामुळे बाहेरच्या अंगाला साधारण ३६० मेगापास्कल ताण येतो, नॉबने दिलेल्या ताणाच्या तिप्पट. तेच पातं २०० मिमी चाकांच्या छोट्या मशीनवर चढवलं तर ६३० मेगापास्कल. लहान चाकांवर जाड पातं टिकत नाही ते यामुळे, त्यात वेल्डवाल्याचा काही दोष नसतो. छोट्या मशीनला ०.३५ मिमीच्या आसपासचंच पातं घ्या.

तुटलेलं पातं फेकण्याआधी तुटलेली कड बघा. बरोबर जोडावर तुटलं असेल तर वेल्ड कच्चा होता किंवा वेल्डनंतर तो भाग नीट मऊ केला नव्हता. खळग्यापासून मागे तडा गेला असेल तर पातं थकलंय, ताण जास्त आहे, किंवा बोथट पात्यावर जोर लावला गेलाय. मागच्या कडेपासून पुढे गेला असेल तर मागचं बेअरिंग तपासा: ते सतत टेकलंय का, त्याच्या तोंडावर पात्याने खाच पाडली आहे का. काम संपल्यावर ताण सोडण्याने पात्यापेक्षा टायरला जास्त फायदा. रात्रभर दाबले गेले की टायरला खळगी पडते. ताण सोडला असेल तर तशी पाटी स्विचवर टांगा, कारण सैल पातं सुरू केलं की ते चाकांवरून उतरतं.

पातं चालू असताना तुटलं तर मोठा फाट् आवाज येतो. लाकूड सोडा, मागे व्हा, हाताशी येईल तसा स्विच बंद करा आणि थांबा. चाकं फिरत असतात आणि तुटलेलं टोक दारामागे कुठे अडकलंय ते बाहेरून दिसत नाही. लगेच दार उघडून बघण्याची घाई हातावर बेतते.

टक-टक आवाज आणि लाटा

प्लग काढून पात्यावर एका जागी आणि वरच्या चाकावर एका जागी खडूची खूण करा. चाक हाताने फिरवा, धक्का जाणवला की कोणती खूण समोर आली ते बघा. दर वेळी पात्याची खूण असेल तर जोड तपासा. तो जाड राहिला असेल तर गाइडमधून जाताना अडखळतो, दाता तुटला असेल तरी तसंच. जोडाच्या दोन्ही बाजूंची जास्तीची धातू बारीक कानशीने सपाट करता येते. चाकाची खूण येत असेल तर टायरवर चिकटलेला भुशाचा गोळा शोधा. डिंकाने तो इतका कडक बसतो की टायरचाच भाग वाटतो. लाकडी पट्टीने खरवडा, पटाशीने नको. टायरला तडे गेले असतील, बोटाने दाबल्यावर तो रिमवर सरकत असेल किंवा मधला फुगवटा झिजून सपाट झाला असेल, तर टायर बदला. खालच्या चाकाला भुसा झाडणारा ब्रश असतो, त्याचे केस शिल्लक आहेत ना तेही बघा.

भुशाचं एकूणच मनावर घ्या. मशीनच्या खालच्या कपाटात तो साठला की टायरवर जातो, गाइडमध्ये जातो आणि मोटर गरम करतो. चालत्या पात्याला दगड लावून एका अंगाची धार मारण्याची युक्ती जुने कारागीर करतात. ठिणग्या त्याच भुशात पडतात, म्हणून कपाट रिकामं केल्याशिवाय ते करू नये आणि नवख्याने तर करूच नये.

हात कुठे

अंगठे पात्याच्या रेषेत कधीच नकोत. कट संपायला आला की लाकडाचा विरोध एकदम संपतो आणि ढकलणारा हात पुढे झेपावतो. शेवटचे चार इंच पुश स्टिकने (ढकलायच्या काठीने). गोल काठी किंवा ओंडका नुसता टेबलावर ठेवून कापू नका, दाते त्याला फिरवून खाली ओढतात आणि पातं पिळून तुटतं. व्ही आकाराच्या ठोकळ्यात बसवून धरा. लांब कापातून लाकूड मागे घ्यायचं असेल तर मशीन बंद करून, पातं थांबल्यावर घ्या. चालू पात्यावरून मागे ओढलं की ते चाकांवरून उतरतं.

हे सगळं करूनही नवं पातं ओढत असेल, तर दोन्ही चाकं एका पातळीत आहेत का ते बघायचं राहिलं. पातं ताणलेलं ठेवा, लांब सरळ पट्टी दोन्ही चाकांच्या कडांना टेकवा. टेबल आड येत असेल तर ते काढा. चार ठिकाणी टेकली तर ठीक. फट दिसली तर तिच्या जाडीचे वॉशर त्या चाकामागे जातात, पण हे काम मशीनच्या मॅन्युअलप्रमाणेच करा. काही मशीनवर चाकं मुद्दाम थोडी वेगळ्या पातळीत ठेवलेली असतात, आणि पातं चांगलं चालत असेल तर त्यांना हात लावू नये.